भोयरांच्या गाडीचं ऑइल कुठे जात होतं

"तुम्ही इंजिनिअर आहा. सांगा याच्या तोंडावर, की ही गाडी ऑइल पीत नाही," भोयरसाहेब मला म्हणाले.

गाडीच्या बॉनेटवर शालिकची पिशवी उपडी केलेली होती. एक दुपट्टा, तंबाखूची डबी, जेवणाचा डबा, औषधाची बाटली. भोयरसाहेबांनी ती स्वतःच्या हातानं उपडी केली होती, आमच्या गॅरेजच्या दारात, सगळ्या मेकॅनिकांच्या देखत. शालिक त्यांचा ड्रायव्हर. तो बाजूला हाताची घडी घालून उभा होता आणि गाडीच्या चाकाकडे बघत होता. गाडीचं ऑइल चोरून विकतो म्हणून त्याच सकाळी आपल्या खापरखेड्याच्या यार्डात, कामावरच्या माणसांसमोर, भोयरसाहेबांनी त्याला थापड मारली होती. हे मला भोयरसाहेबांनीच सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

मी म्हणालो, आधी गाडी बघतो, मग बोलतो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात सदरमधल्या एका मोठ्या गॅरेजात सर्व्हिस इंजिनिअर होतो. तेव्हा रस्त्यावर अँबेसेडर आणि फियाट, बाकी जीपा. भोयरांची गाडी मात्र वेगळी होती. परदेशी बनावटीची लांबलचक डिझेल स्टेशन वॅगन, आणि तिला टर्बो. यंत्रं बसवायला आलेले कोणी परदेशी इंजिनिअर काम संपल्यावर ती मागे ठेवून गेले आणि भोयरसाहेबांनी ती लिलावात घेतली. ते मूळचे शेतकरी घरातले. पुढे कोळसा वाहण्याची, माती उचलण्याची कंत्राटं घेऊन मोठे झाले. अशी गाडी जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आणि हे ते भेटेल त्याला सांगत.

टर्बो म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका लहान दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे बसवलेले असतात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो. त्याबरोबर फिरणारा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात दाबून भरतो. हवा जास्त गेली की इंजिनाची ताकद वाढते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि तो तरंगतो इंजिन ऑइलवर. एका बारीक नळीतून ऑइल येतं, दांड्याला थंड ठेवतं, आणि खालच्या जाड नळीतून इंजिनाच्या तळाशी असलेल्या भांड्यात परत पडतं. त्या भांड्याला आम्ही चेंबर म्हणतो.

सगळा खेळ त्या ऑइलवर असतो. ते स्वच्छ हवं, वेळेवर बदललेलं हवं. शिवाय गाडी जोरात चालवून आणली की इंजिन लगेच बंद करायचं नाही, थोडा वेळ जागेवर चालू द्यायचं. एकदम बंद केलं तर टर्बोतलं ऑइल जागच्या जागी करपतं, तापल्या तव्यावर राहिलेलं तेल करपतं तसं. गाडी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हाच हे मी भोयरसाहेबांना समजावलं होतं. त्यांनी मान हलवली होती.

मी शालिकला विचारलं, ऑइल शेवटचं कधी बदललं? उत्तर भोयरसाहेबांनी दिलं. "आठवड्याले नवा डबा टाकून राहिलो ना मी. सारखं नवीन ऑइल जाऊन राहिलं आत, तर बदलवाचं काहून?"

म्हणजे गाडी घेतल्यापासून ऑइल एकदाही काढलं नव्हतं. नुसतं वरून भरत होते. तेही बाजारातलं सुटं, स्वस्त ऑइल, यार्डात डंपरसाठी आणलेल्या ड्रममधलं. आणि गाडी थांबली की त्याच क्षणी इंजिन बंद करायचा हुकूम होता. उभ्या गाडीत डिझेल जाळलेलं त्यांना खपत नसे.

मी ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला काळा लगदा बसला होता, काकवी आटून घट्ट झाल्यासारखा. बोट घातलं तर बोटाला चिकटून वर आला. यालाच स्लज म्हणतात. ऑइल जुनं होतं, धुराची काजळी खातं, करपतं आणि असं घट्ट होऊन बसतं.

मग टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा हवेचा रबरी पाइप सोडवला. या पाइपात फक्त हवा असायला हवी. तो आतून ऑइलनं निथळत होता. तळाशी ऑइल साचलं होतं. टर्बोचा दांडा बोटांनी धरून हलवला तर खुळखुळ हलला.

भोयरसाहेबांना मी पाइप दाखवला. तुमचं ऑइल कोणी विकलेलं नाही, म्हणालो. खालच्या नळीत स्लज बसून ती तुंबली आहे. ऑइलला परत जायला वाट नाही, म्हणून ते दांड्याच्या सीलमधून बाहेर ढकललं जातं आणि हवेबरोबर इंजिनात जाऊन जळतं. जमिनीवर ठिपका पडत नाही तो यामुळे. धूर मागून निघतो आणि तुम्ही आत बसता, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

त्यांनी पाइपात बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "हा तुमच्याकडे येऊन बसते वाटते रोज." म्हणजे मीही शालिकला सामील.

मला त्या क्षणी जो राग आला तो मी गिळला, याचं मला आजही नवल वाटतं. मी एवढंच म्हणालो की गाडी इथेच राहू द्या. चेंबर उतरवावं लागेल, टर्बो काढावा लागेल, त्याचे पार्ट मुंबईहून मागवावे लागतील. तोपर्यंत ही चालवू नका. आणि का चालवू नका तेही सांगितलं. डिझेल इंजिनाला जळायला डिझेलच लागतं असं नाही, इंजिन ऑइलवरही ते चालतं. पाइपात साचलेलं ऑइल एकदम आत खेचलं गेलं तर इंजिन आपोआप पळत सुटेल. चावी बंद करून थांबणार नाही, कारण चावीनं फक्त डिझेल बंद होतं.

परवा नातवाचं जावळ आहे, रामटेकच्या गडावर, ते म्हणाले. सगळे सोयरे येणार. गाडी पाहिजेच. आणि ते माझ्याशी बोलणं सोडून आमच्या मालकांच्या केबिनमध्ये गेले.

आमचे मालक धोटेसाहेब. गोड बोलण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. भोयरांचे सगळे डंपर आणि जीपा आमच्याकडे दुरुस्तीला येत. केबिनमध्ये काय बोलणं झालं ते मला तेव्हा कळलं नाही. भोयरसाहेब बाहेर आले ते हसत आले. शालिकला म्हणाले, रामटेक करून ये, मग तुझा हिशेब पाहतो. शालिक बॉनेटवरचं सामान एकेक करून पिशवीत भरत होता.

दुसऱ्या दिवशी धोटेसाहेबांनी मला कामठीला एका गिऱ्हाइकाकडे पाठवलं. जनरेटर बघायचा होता. मी गेलो. जनरेटरला काही झालेलं नव्हतं. परत आलो तर भोयरांची गाडी धुऊन पुसून उभी होती. इंजिनात फ्लशिंग केल्याचं मेकॅनिकनं सांगितलं. फ्लशिंग म्हणजे पातळ ऑइल भरून इंजिन चालवायचं, की आतला मळ सुटतो, आणि मग ते काढून टाकायचं. थोड्याशा मळाला हे ठीक. पण इथे थरच्या थर बसले होते. ते खरवडून सुटे केले की ढेकळं ऑइलबरोबर फिरणार आणि आधीच तुंबलेल्या नळीत जाऊन अडकणार. रोगापेक्षा औषध वाईट. हे मी आदल्या दिवशी मेकॅनिकला बजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, मालकांनी उभं राहून करून घेतलं.

मी केबिनमध्ये गेलो. धोटेसाहेब म्हणाले, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, जाऊन येतील, मग आपण सावकाश इंजिन खोलू. मी विचारलं, भोयरांना तुम्ही काय सांगितलं?

"सांगितलं का इंजिन ठीक आहे."

"मग ऑइल कुठे गेलं म्हणून सांगितलं?"

ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "काळमेघ, गिऱ्हाइकाले काय आयकाचं आहे हेही समजलं पाहिजे गा."

म्हणजे इंजिन ठीक, आणि शालिक चोर. आपल्या गिऱ्हाइकाला खूश ठेवायला त्यांनी एका माणसाची अब्रू देऊन टाकली होती, आणि ती द्यायला त्यांची नव्हतीच. मी बरंच बोललो. ते मी इथे लिहीत नाही. शेवटी म्हणालो, उद्या त्या गाडीत मी बसणार. धोटेसाहेबांना ते उलट बरंच वाटलं. भोयरसाहेबांना त्यांनी फोन करून कळवलं, की खास तुमच्यासाठी आमचा इंजिनिअर सोबत देतो.

जावळाच्या सकाळी मी भोयरांच्या घरी पोचलो तेव्हा वॅगन अंगणात तयार होती आणि मागे दोन जीपा. वॅगनमध्ये घरची मंडळी बसणार होती. भोयरसाहेब, त्यांच्या पत्नी, सून सुनंदाबाई आणि ते तान्हं. मी सरळ सुनंदाबाईंना सांगितलं, की या गाडीत बाळाला घेऊन बसू नका. इंजिन बिघडलेलं आहे. मी बसतोय कारण बिघडलं तर काय करायचं ते मला माहीत आहे.

भोयरसाहेब चिडले. शुभ कामाच्या वेळी हा माणूस अपशकुन करतो, म्हणाले. सुनंदाबाई मॅट्रिक झालेल्या, सासऱ्यांपुढे पदर घेणाऱ्या. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलंही नाही. सासूबाईंना म्हणाल्या, "आई, मी लेकराले घेऊन जीपमंदी बसतो. तुमीही चाला." आणि दोघी जाऊन जीपमध्ये बसल्या. त्यामुळे वॅगनमध्ये राहिलो आम्ही तिघं. शालिक चालवायला, त्याच्या शेजारी मी, आणि मागे एकटे भोयरसाहेब.

निघण्याआधी मी शालिकला बाजूला घेऊन सांगितलं. इंजिन आपोआप पळायला लागलं तर चावीच्या भानगडीत पडू नको. वरच्या गिअरमध्ये टाक, ब्रेक पायानं दाबून धर आणि क्लच सोडून दे. इंजिनाला गाडीचं ओझं ओढवणार नाही, ते गुदमरून बंद पडेल. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, मालकाचा बाप होता तवापासून मी याइच्या घरी गाडी चालवून राहिलो. मले चोर म्हनलं त्याइनं." बस एवढंच.

कामठी, कन्हानचा पूल, मनसर. सपाट रस्त्याला गाडी बरी चालली. मी आरशात बघत होतो. मागे निळसर धूर होता, पण फार नाही. भोयरसाहेब मागून दोनदा म्हणाले, की कुठे काय झालं? रामटेक गाव मागे टाकून आम्ही गडाच्या चढाला लागलो. चढावर इंजिनाला ताकद लागते, म्हणजे टर्बो पुरा जोर लावतो. मी शालिकला हळू घे म्हणालो. त्यानं घेतली. मागून आवाज आला, "अशी बैलगाडीवानी काहून नेऊन राहिला?"

अर्ध्या चढावर आरसा पांढरा झाला. मागचं काहीच दिसेना, नुसता धूर. इंजिनाचा आवाज वर चढायला लागला. शालिकनं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, मी त्याचा पाय बघत होतो. तरी आवाज चढतच गेला. गाडी पुढे ओढ घ्यायला लागली. एकीकडे दरी, समोर वळण, आणि रस्त्याच्या कडेनं देवाला जाणारी माणसं पायी चाललेली. भोयरसाहेब मागून ओरडत होते, "बंद कर, बंद कर." पुढे वाकून त्यांनी स्वतःच चावी फिरवून काढली. काही झालं नाही. इंजिन किंचाळत होतं. मी त्यांचा हात ढकलला आणि शालिकला म्हणालो, "वरचा गिअर."

त्यानं गिअर टाकला, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ब्रेकवर उभाच राहिला म्हणा ना, आणि क्लच सोडला. गाडीला असा हिसका बसला की माझं डोकं काचेवर आदळलं. क्लच जळल्याचा वास आला. गाडी थरथरली, खालून काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, आणि इंजिन बंद पडलं. रस्त्यावरच्या माणसांनी धावत येऊन चाकांमागे दगड लावले. जीपा धुराच्या मागे थांबल्या होत्या. सुनंदाबाई बाळाला छातीशी घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या.

भोयरसाहेब उतरले. धोतराचा सोगा सावरला. घाम पुसला. मला वाटलं होतं आता तरी माणूस भानावर येईल. ते शालिककडे वळले आणि म्हणाले, "तूच काही करून ठेवलं यात."

तेव्हा मात्र मी राग गिळला नाही. बॉनेट उघडलं. हात भाजत होता तरी पाइपाच्या क्लिपा सोडवल्या आणि पाइप रस्त्यावर उलटा धरला. काळं ऑइल धारेनं खाली पडलं आणि उतारावरून वाहत भोयरसाहेबांच्या चपलांपर्यंत गेलं. मी म्हणालो, "हे तुमचं ऑइल. हे यानं विकलं म्हणून तुम्ही याला मारलं. आता बघा, नीट बघा." माझा आवाज फार चढला होता. सगळे सोयरे, रस्त्यावरची माणसं, सगळे ऐकत होते.

सुनंदाबाई पुढे आल्या. सासऱ्यांना म्हणाल्या, "बाबाजी, त्याची माफी मागा." हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

भोयरसाहेबांनी घड्याळ बघितलं. मुहूर्त टळतो, चला, म्हणाले. आणि जीपमध्ये जाऊन बसले.

शालिकनं हातरुमालानं स्टेअरिंग पुसलं. का पुसलं, त्यालाच माहीत. सवय असेल. गाडीचा हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून बघितला. चावी भोयरसाहेबांच्या हातात होतीच. पिशवी खांद्याला लावून तो गड उतरून चालत गेला.

गाडी दोर बांधून नागपूरला आणली. इंजिन खोललं. चेंबरमध्ये स्लजचा असा थर होता की खुरप्यानं काढावा लागला. टर्बोची परत जाणारी नळी फ्लशिंगनं सुटलेल्या ढेकळांनी ठार बंद होती. दांडा तुटला होता. एक कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकला होता. पार्ट परदेशातून आणल्याशिवाय इलाज नव्हता.

धोटेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भोयरसाहेब येणार होते. मला सांगण्यात आलं, की ड्रायव्हरला घाटात गाडी चालवता येत नव्हती, त्यानं इंजिन फार पळवलं, एवढंच म्हणायचं. भोयरसाहेब आले तेव्हा मी त्यांच्यासमोर म्हणालो, "मी पहिल्या दिवशीच तुम्हाला सांगितलं होतं की गाडी चालवू नका. नंतर धोटेसाहेबांनी माझ्यामागे फ्लशिंग केलं आणि इंजिन ठीक आहे म्हणून सांगितलं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली नसती तर आपण तिघंही दरीत असतो. तुम्ही मधे हात घालून चावी काढली. स्टेअरिंग लॉक झालं असतं तर संपलंच होतं."

मग त्या दोघांची जुंपली. धोटेसाहेब म्हणाले, घाई तुम्हाला होती. भोयरसाहेब म्हणाले, ठीक आहे असं तुम्ही बोलला होता. इंजिनाची भरपाई कोणी करायची यावर तास गेला. मी तिथेच उभा होतो. तेवढ्या वेळात शालिकचं नाव दोघांपैकी एकानंही काढलं नाही. माझा सगळ्यात जास्त राग त्या तासावर आहे, गडावरच्या प्रकारावर नाही. गडावर निदान भीती तरी होती.

पुढे भोयरसाहेबांना दुसरा ड्रायव्हर धड मिळेना. त्यांनी माझ्याकडेच निरोप दिला, की शालिकला सांगा, ये म्हणावं, माझ्या मनात काही नाही. मी स्कूटरनं पारशिवनीच्या बाजूला त्याच्या गावी गेलो. तो धानाच्या बांधावर भेटला. निरोप ऐकून म्हणाला, "यार्डात मारलं मले. यार्डातच बोलवा म्हना त्याच मान्साइसमोर आन् मी चोर नाई असं थिथंच बोला म्हना. मंग येतो."

मी तसंच जाऊन सांगितलं. भोयरसाहेब म्हणाले, एका ड्रायव्हरसाठी मी यार्डात सभा भरवू काय? विषय संपला. शालिक गेला नाही. तो पुढे रामटेकला एका शाळेची बस चालवायला लागला आणि म्हातारा होईपर्यंत तीच चालवली. वॅगन यार्डात पडून राहिली, टायर बसले, मग भंगारात गेली. मी वर्षाच्या आत धोट्यांचं गॅरेज सोडलं आणि स्वतःचं लहान गॅरेज टाकलं. भोयरांचा एकही डंपर मी कधी आत घेतला नाही. त्यांचा जावई विचारायला आला होता, त्यालाही नाही म्हणालो.

आता टर्बोच्या गाड्या गल्लोगल्ली आहेत, म्हणून सांगून ठेवतो. ऑइल वर टाकणं म्हणजे ऑइल बदलणं नव्हे. लांबून आलात तर इंजिन बंद करण्याआधी जरा जागेवर चालू द्या. ऑइल कमी होत असेल आणि खाली ठिपका पडत नसेल तर हवेचा पाइप काढून आत बोट घाला, पाच मिनिटांचं काम आहे. आणि इंजिनिअर गाडी चालवू नका म्हणाला, तर ते त्याच्या मालकाला विचारायला जाऊ नका.